नोडमधून डॉकर कंटेनर चालवायचे आहेत, शेल कमांड ठेवू की थेट एपीआय?

लॅब_इनचार्ज_सांगली

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजात सेकंड इयरच्या प्रॅक्टिकलसाठी एक छोटं पोर्टल बनवतेय. विद्यार्थ्याने ब्राउझरमध्ये सी किंवा पायथनचा प्रोग्राम लिहायचा, सबमिट दाबायचं, सर्व्हरवर तो डॉकरच्या कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या बंद जागेत) रन होणार आणि आउटपुट परत दिसणार, एवढंच काम आहे. बॅकएंड नोड (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) आणि एक्सप्रेस (नोडचं वेब फ्रेमवर्क), सर्व्हर म्हणजे लॅबमधलंच एक उबुंटू मशीन, १६ जीबी रॅम.

सध्या नोडच्या चाइल्ड प्रोसेसमधल्या एक्झेकने (शेल कमांड चालवणारं फंक्शन) 'डॉकर रन'ची अख्खी कमांड स्ट्रिंग बनवून चालवतेय. एकटीने टेस्ट केलं की व्यवस्थित चालतं पण पूर्ण बॅच बसली की मशीन अडकतं. कुणीतरी व्हाइल ट्रू, म्हणजे कधीच न संपणारा लूप, लिहितं (लिहिणारच, शिकतायत), नोडचा टाइमआउट लागतो, पोराला 'वेळ संपली' असं दिसतंही, पण डॉकर पीएस (चालू कंटेनरची यादी) मारलं की कंटेनर तिथेच सीपीयू खात बसलेला असतो. हे का होतं ते मला नीट समजून घ्यायचंय, नुसतं हाताने मारत बसण्यात अर्थ नाही.

डॉकरोड (नोडमधून डॉकरच्या एपीआयशी बोलणारी) लायब्ररी वापरून पाहायला सुरुवात केलीय, त्यात आउटपुटच्या सुरुवातीला विचित्र कॅरॅक्टर येतात. आणि पुढे पोर्टलच कंटेनरमध्ये टाकायचा विचार आहे, तसं करून पाहिलं तर आत माउंट केलेला (बाहेरून जोडलेला) कोडचा फोल्डर रिकामा दिसतो, एरर काहीच नाही. कुणी हे केलं असेल तर सांगा, सविस्तर सांगितलंत तर फारच छान.

टर्मिनलवाला

मॅडम, थेट एपीआयवर या, शंभर टक्के. कारण सांगतो, थोडं लांब होईल.

'डॉकर' ही जी कमांड आपण टाइप करतो ना ती स्वतः काहीच चालवत नाही, ती फक्त क्लायंट आहे. खरं काम डॉकर डेमन (मागे सतत चालणारी सर्व्हिस) करतो, आणि कमांड त्याच्याशी /व्हार/रन/डॉकर.सॉक या युनिक्स सॉकेटवरून साधं एचटीटीपी बोलते. तुमचा टाइमआउट लागला की नोड एक्झेकने उघडलेल्या शेलला सिगटर्म (बंद हो असं सांगणारा सिग्नल) पाठवतो. शेल मरतो, फार तर डॉकर क्लायंट मरतो. कंटेनर तुमच्या प्रोसेसचं पोर नाहीच, तो डेमनच्या ताब्यात असतो, त्याला या सगळ्याची खबरही नसते. आणि समजा क्लायंटने सिग्नल आत पोचवला तरी कंटेनरमधला प्रोग्राम पीआयडी १ (कंटेनरमधली पहिली प्रोसेस) म्हणून चालतोय, लिनक्समध्ये पीआयडी १ ने स्वतः हँडलर (सिग्नल आल्यावर काय करायचं तो कोड) लावला नसेल तर सिगटर्मचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. सेकंड इयरचा पोरगा सिग्नल हँडलर कुठून लिहिणार? म्हणून तो चालूच राहतो.

स्ट्रिंग जोडून कमांड बनवण्यात दुसरा धोका असा की फाइलचं नाव, इनपुट असं काहीही विद्यार्थ्याकडून येऊन त्या स्ट्रिंगमध्ये गेलं तर तो तुमच्या होस्टच्या (मूळ मशीनच्या) शेलमध्ये हवं ते चालवू शकतो. कंटेनर वगैरे सगळं बाजूलाच राहिलं मग.

डॉकरोडमध्ये क्रम असा ठेवा: क्रिएट, मग अटॅच, मग स्टार्ट, मग वेट. अटॅच स्टार्टच्या आधीच करायचं, नाहीतर दोन ओळींचा प्रोग्राम तुम्ही जोडून घेईपर्यंत छापून संपलेला असतो आणि आउटपुट कोरं येतं. वेटचीही एक गंमत आहे, त्याची डीफॉल्ट अट 'चालू नाहीये' अशी आहे, आणि नुसता क्रिएट केलेला कंटेनर चालू नसतोच, त्यामुळे स्टार्टच्या आधी वेट मारलं की ते लगेच परत येतं. एकतर स्टार्टनंतर मारा किंवा कंडिशन 'नेक्स्ट-एक्झिट' द्या.

टाइमर तुमच्या कोडमध्ये ठेवा, वेळ संपली की कंटेनरवर थेट किल. स्टॉप नको, स्टॉप आधी सिगटर्म पाठवून डीफॉल्ट १० सेकंद थांबतो आणि मगच सिगकिल (प्रोग्रामला टाळता न येणारा सिग्नल) मारतो, ते १० सेकंद तुमचा सीपीयू जातो. किलनंतर एक्झिट कोड १३७ येईल, म्हणजे १२८ अधिक सिगकिलचा ९. पण मेमरी संपून कर्नलने मारलं तरी १३७ च येतो, त्यामुळे नुसता कोड बघून विद्यार्थ्याला मेसेज देऊ नका. किल आपण मारला तर आपल्याकडे फ्लॅग ठेवा, आणि इन्स्पेक्टमध्ये (कंटेनरची माहिती देणारा कॉल) स्टेटखाली 'ओओएमकिल्ड' (मेमरी संपून मारलं का) असतं ते बघा. शिकणाऱ्या पोराला 'तुझा लूप संपत नाही' आणि 'तू मेमरी जास्त घेतलीस' यातला फरक कळायलाच हवा, पोर्टलचा खरा उपयोग तोच आहे.

ते विचित्र कॅरॅक्टर म्हणजे हेडर. टीटीवाय (टर्मिनल मोड) बंद असेल तर डेमन एसटीडीआउट (नेहमीचं आउटपुट) आणि एसटीडीएरर (एररचं आउटपुट) एकाच स्ट्रीममधून पाठवतो आणि प्रत्येक तुकड्याआधी ८ बाइट लावतो: पहिला बाइट कुठला स्ट्रीम (१ म्हणजे आउट, २ म्हणजे एरर), मग तीन शून्य, मग ४ बाइटमध्ये लांबी. ६ बाइटचं आउटपुट असेल तर पुढे १, ०, ०, ०, ०, ०, ०, ६ असं येतं. बरेच जण प्रत्येक डेटा इव्हेंटला पहिले ८ बाइट कापून टाकतात, ते करू नका, नेटवर्कचा तुकडा आणि डॉकरचा तुकडा एकच असेल याची खात्री नसते, मोठ्या आउटपुटला मधूनच अक्षरं गायब होतील. डॉकरोडच्या मोडेममध्ये डीमक्सस्ट्रीम (हेडर काढून दोन्ही स्ट्रीम वेगळे करणारं फंक्शन) आहे, ते वापरा. आणि बफर सगळे गोळा करून शेवटीच स्ट्रिंग करा, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असतं, मध्येच तुटलं की कुणी प्रोग्राममध्ये 'नमस्कार' छापलं तर चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसणार.

मध्यरात्र_ऑनकॉल

वरचं सगळं बरोबर आहे, मी सिक्युरिटीचं बोलतो कारण ते राहूनच जातं आणि मग महागात पडतं.

पोर्टल कंटेनरमध्ये टाकून त्यात डॉकरचं सॉकेट माउंट करणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, ज्याच्या हातात ते सॉकेट त्याच्या हातात होस्टचं रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा. तो नवीन कंटेनर बनवून त्यात होस्टची पूर्ण डिस्क माउंट करू शकतो, विषय संपला. सॉकेट रीड-ओन्ली माउंट केलं तरी काही बचाव होत नाही, फाइलवर रीड-ओन्ली असलं तरी त्यावरून एपीआयला रिक्वेस्ट जातच राहतात. युजरला डॉकर ग्रुपमध्ये टाकणं हेही रूट देण्यासारखंच आहे.

म्हणून दोन भाग करा. एक वेब सर्व्हर, जो इंटरनेटला किंवा लॅबच्या नेटवर्कला तोंड देतो, त्याला सॉकेट अजिबात नाही. दुसरा छोटा वर्कर, ज्याचं बाहेर कुठलंच पोर्ट नाही, तो फक्त क्यूमधून (कामांच्या रांगेतून) काम उचलतो आणि तोच एकटा डेमनशी बोलतो. वर्करला क्यूमधून फक्त भाषा आणि कोड जाऊ दे, इमेजचं (कंटेनर ज्या साच्यातून बनतो त्याचं) नाव किंवा माउंट असलं काही विद्यार्थ्याच्या रिक्वेस्टमधून कधीच पुढे जाऊ देऊ नका, ते वर्करमध्येच फिक्स ठेवा.

आणि कुणी सल्ला दिला की डेमनचं २३७५ पोर्ट उघडा आणि दुसऱ्या मशीनवरून बोला, तर सरळ नाही म्हणा. २३७५ वर ना टीएलएस (एन्क्रिप्शन) ना पासवर्ड, असली उघडी पोर्ट शोधून त्यावर क्रिप्टो मायनर चढवणारे बॉट सतत फिरत असतात. रिमोट हवंच असेल तर २३७६ वर दोन्ही बाजूंच्या सर्टिफिकेटसह टीएलएस किंवा एसएसएचवरून.

शक्य असेल तर रूटलेस डॉकर (रूटशिवाय चालणारा डेमन) बघा, २०.१० व्हर्जनपासून ते एक्सपेरिमेंटल राहिलेलं नाही. कंटेनर कर्नल होस्टचाच वापरतो, त्यामुळे भिंत पातळ असते. जानेवारी २०२४ मध्ये रनसीमध्ये (डॉकर ज्याने कंटेनर चालवतो तो प्रोग्राम) कंटेनरमधून बाहेर पडता येणारी गंभीर चूक जाहीर झाली होती, ती १.१.१२ मध्ये दुरुस्त झाली, तर लॅबचं मशीन एकदा बसवलं की अपडेटच नाही असं करू नका. अनोळखी लोकांचा कोड चालवणार असाल तर जीव्हायझर (कंटेनर आणि कर्नलमध्ये आणखी एक भिंत घालणारा रनटाइम) लावा, क्रिएट करताना होस्टकॉन्फिगमध्ये रनटाइम 'रनएससी' दिला की झालं, बाकी कोड बदलावा लागत नाही.

टर्मिनलवाला

हो, दोन भाग करायचं मी लिहायला हवं तितकं लिहिलं नव्हतं, ते करायचंच. रिकाम्या फोल्डरचं राहिलं होतं ते सांगतो. पोर्टल कंटेनरमध्ये असलं तरी माउंटचा पाथ डेमन वाचतो, आणि डेमन होस्टवर आहे. तुम्ही '/ॲप/टेंप' म्हणालात की तो होस्टवरचं '/ॲप/टेंप' बघणार, तुमच्या कंटेनरमधलं नाही, आणि बाइंड्समध्ये (माउंटच्या यादीत) दिलेला पाथ होस्टवर नसेल तर तो गुपचूप रिकामा फोल्डर बनवून देतो, म्हणून एरर येत नाही. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे माउंटच नको, कोड एसटीडीइनमधून (प्रोग्रामच्या इनपुटमधून) आत ढकला, आत एक छोटी स्क्रिप्ट तो /टेंपमध्ये लिहून कंपाइल करेल. क्रिएटमध्ये ओपनएसटीडीइन आणि एसटीडीइनवन्स दोन्ही ट्रू, अटॅचला हायजॅक ट्रू, आणि लिहून झालं की स्ट्रीम एंड करा, नाहीतर आतला प्रोग्राम वाट बघत बसेल.

लिमिट मी अशा ठेवतो: मेमरी १३४२१७७२८ (बाइटमध्ये द्यायची असते, ही १२८ एमबी झाली), मेमरीस्वॅपही तेवढीच, कारण ती दिली नाही तर होस्टवर स्वॅप असेल त्या मशीनवर मेमरीइतकीच स्वॅप वर वापरता येते आणि मशीन रखडत मरतं. नॅनोसीपीयूज ५०००००००० म्हणजे अर्धा कोअर. पिड्सलिमिट ६४, सी शिकवताना फोर्क (नवीन प्रोसेस बनवणं) आलाच, आणि लूपमध्ये फोर्क लिहिणारा प्रत्येक बॅचला एक असतोच. नेटवर्क नन, रूट फाइलसिस्टिम रीड-ओन्ली, सगळ्या कॅपेबिलिटी (रूटचे सुटे अधिकार) ड्रॉप, नो-न्यू-प्रिव्हिलेजेस (नंतर अधिकार वाढू नयेत म्हणून), आणि युजर रूट नको.

रीड-ओन्ली केल्यावर /टेंपला टीएमपीएफएस (मेमरीतली तात्पुरती फाइलसिस्टिम) द्यावं लागेल, आणि इथे सीवाले हमखास अडकतात: डॉकर टीएमपीएफएस डीफॉल्टला नोएक्झेक लावतो, म्हणजे जीसीसी छान कंपाइल करतं आणि ए.आउट चालवताना 'परमिशन डिनाइड'. ऑप्शनमध्ये 'एक्झेक' आणि साइज दोन्ही लिहा. पायथनला हा त्रास नाही, त्यामुळे पायथनवर टेस्ट करून खूश होऊ नका.

थर्ड_इयर_आयटी

मॅडम, आमच्याकडे असंच पोर्टल पायथन आणि फ्लास्कवर आहे, डॉकरची पायथन एसडीके वापरून. तिथेही खाली एपीआय तोच, नावं फक्त वेगळी. विद्यार्थी म्हणून एक सांगतो, आउटपुटवर पण लिमिट लावा. आमच्या बॅचमध्ये एकाने लूपमध्ये प्रिंट टाकलं तर पूर्ण लॅबचं पोर्टल बंद झालं होतं, नंतर सरांनी सांगितलं की डिस्क भरली.

मध्यरात्र_ऑनकॉल

बरोबर बोललास मित्रा. डॉकरचा डीफॉल्ट जेसन-फाइल लॉग ड्रायव्हर कितीही वाढतो, मॅक्स-साइज दिलं नाही तर रोटेशन नाही. या कामाला लॉगची गरजच नाही, लॉगकॉन्फिगचा टाइप 'नन' करा, अटॅचमधून लाइव्ह आउटपुट तरीही मिळतं. आणि नोडमध्ये बाइट मोजत राहा, ६४ केबीच्या वर गेलं की किल, नाहीतर डिस्कऐवजी नोडची मेमरी भरेल.

लॅब_इनचार्ज_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं. डीमक्सस्ट्रीमने कचरा लगेच गेला आणि किलने व्हाइल ट्रूवाला कंटेनर खरंच थांबतो. वेब आणि वर्कर वेगळे करायला घेतलेत. आता एक शंका: ऑटोरिमूव्ह ट्रू ठेवलंय, तर मधूनच इन्स्पेक्टला ४०४ येतो. आणि वर्कर स्वतःच क्रॅश झाला तर मागे राहिलेल्या कंटेनरचं काय करायचं?

टर्मिनलवाला

ऑटोरिमूव्ह काढा. प्रोग्राम संपला की डेमन लगेच कंटेनर पुसतो आणि तुमचं इन्स्पेक्ट उशिरा पोचतं, ४०४ त्याचाच. स्वतः रिमूव्ह करा, फोर्स ट्रू देऊन, आणि ते फायनलीमध्ये, म्हणजे मध्ये कुठेही एक्सेप्शन आलं तरी चुकणार नाही.

क्रॅशसाठी प्रत्येक कंटेनरला क्रिएट करतानाच लेबल लावा, पोर्टलचं नाव आणि सबमिशनचा आयडी. वर्कर सुरू झाला की पहिलं काम, लिस्टकंटेनर्स, ऑल ट्रू, फिल्टर त्या लेबलचा, जे सापडतील ते उडवा आणि ते सबमिशन परत क्यूत टाका. ऑल ट्रू विसरलात तर फक्त चालू असलेले दिसतील, क्रिएट होऊन स्टार्ट न झालेले साठत राहतील. कुठला कंटेनर जिवंत आहे याची यादी नोडच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून त्यावर विसंबू नका, डेमनलाच विचारा, प्रोसेस गेली की व्हेरिएबल गेलं, डेमनकडची नोंद राहते.

एकावेळी किती चालवायचे ते वर्करमध्ये बांधून टाका, तुमच्या मशीनला आधी कोअरच्या संख्येइतकेच ठेवून बघा. बाकीच्यांना स्क्रीनवर 'रांगेत आहे' दाखवा, पोरं थांबतात, काय चाललंय ते दिसत असलं की झालं. आणि इमेज आधीच पुल करून ठेवा. कोडमधून पुल करणार असाल तर डॉकरोडचं पुल स्ट्रीम परत देतं तेव्हा डाउनलोड नुकतं सुरू झालेलं असतं, फॉलोप्रोग्रेसने ते संपेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर पुढच्या ओळीतलं क्रिएट 'अशी इमेजच नाही' म्हणून परत ४०४ देईल.