राज चेट्टींचं 'तेरा वर्षांच्या आत'चं संशोधन आपल्याकडे लागू पडतं का? पोराला पुण्याला न्यावं का?

तापीकाठचा
नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन आहे, कापूस आणि थोडी केळी. पोऱ्या चौथीत आहे, नऊ पूर्ण झाली. माझा मेहुणा चाकणला कंपनीत आहे, तो दोन वर्षांपासून मागे लागलाय की जमीन हिश्श्याने दे आणि इकडे ये, तुला कामाला लावून देतो, पोराचं आयुष्य बनेल. मी टाळत होतो. पण मागच्या आठवड्यात राज चेट्टी म्हणून हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ आहेत त्यांच्याबद्दल वाचलं, जन्म दिल्लीचा, नऊ वर्षांचे असताना आईवडलांसोबत अमेरिकेत गेले. त्यांनी म्हणे असं सिद्ध केलं की गरीब घरातलं पोर तेरा वर्षांच्या आत चांगल्या वस्तीत गेलं तर मोठेपणी त्याची कमाई 31 टक्क्यांनी जास्त होते आणि तेरानंतर गेलं तर काही फायदा नाही. तेव्हापासून झोप नाही. माझ्या पोराकडे चार वर्षं उरली असं डोक्यात बसलंय. ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज सांगा, हे आपल्याकडे खरं आहे का, आणि असेल तर मी गाव सोडू का? घरात म्हातारी आई पण आहे.

भुसावळकर_खलाशी
भाऊ, आधी 31 टक्के कुठून आले ते नीट बघा, मग निर्णय घ्या. अमेरिकन सरकारने 1994 ते 1998 मधे एक प्रयोग केला, बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क अशी पाच शहरं. सरकारी चाळीत राहणारी जवळपास 4600 कुटुंबं घेतली आणि चिठ्ठ्या टाकून काहींना भाड्याची मदत दिली, पण अट अशी की जिथे गरिबी 10 टक्क्यांपेक्षा कमी आहे अशाच वस्तीत घर घ्यायचं. सुरुवातीला सगळे म्हणाले प्रयोग फसला, कारण आईबापाची कमाई काही वाढली नाही, तब्येत आणि मन मात्र सुधारलं. मग चेट्टी आणि त्यांच्या साथीदारांनी 2015-16 च्या सुमारास इन्कम टॅक्सच्या नोंदी जोडून बघितलं की तेव्हाची लहान पोरं आता काय कमावतात, तेव्हा कळलं की जी तेराच्या आत गेली त्यांची पंचविशीतली कमाई जवळपास 31 टक्क्यांनी जास्त, कॉलेजात जाण्याचं प्रमाणही जास्त. मोठ्या पोरांना फायदा नाही, उलट थोडं नुकसानच, कारण शाळा तुटली, दोस्त तुटले आणि नव्या जागी राहायला वर्षं कमी मिळाली.

आता बघा, ती कुटुंबं खेड्यातून शहरात नाही गेली, त्याच शहरात गरीब वस्तीतून बऱ्या वस्तीत गेली आणि भाडं सरकारने भरलं. तुम्ही चाकणला जाल तर कंपनीच्या पगारात दहा बाय दहाची खोली भेटेल, आजूबाजूला तुमच्यासारखीच नुकती आलेली माणसं, पोरगा कोणत्या शाळेत जाईल ते पण माहीत नाही. त्याला चेट्टींचा प्रयोग म्हणता येत नाही.

आणि तेराचा आकडा म्हणजे दार बंद व्हायची तारीख नाही. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात, जागा बदलणाऱ्या 70 लाखांवर कुटुंबांवर जो केलाय, असं दिसलं की चांगल्या जागी घालवलेलं प्रत्येक वर्ष मोजलं जातं, जुन्या आणि नव्या जागेतल्या पोरांच्या कमाईत जो फरक असतो तो दर वर्षी साधारण 4 टक्के भरून निघतो. हळूहळू होणारं काम आहे ते.

रावेर_केळी
बरोबर शे भो. अजून एक, शहरात पैसा आहे म्हणून गरिबाच्या पोराला तो भेटतोच असं नाही. चेट्टींनी 2014 ला अमेरिकेचा नकाशाच काढला. शार्लट म्हणून शहर आहे, बँकांचं, भरभराटीचं, तिथे कमाईने सगळ्यात खालच्या पाचव्या हिश्श्यातलं पोर वरच्या पाचव्या हिश्श्यात जायची शक्यता फक्त 4.4 टक्के. सॅन होजेला 12.9. नोकऱ्या दोन्हीकडे आहेत. ज्या भागात पोरं वर चढतात तिथे श्रीमंत गरीब वेगवेगळ्या कोपऱ्यात राहत नाहीत, शाळा बऱ्या असतात, माणसं एकमेकांना धरून असतात असं त्यांना दिसलं. जाण्याआधी चाकणला आठ दिवस नुसते राहून या आणि शाळा बघा.

सातपुडा_मास्तर
मी धडगाव तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, एकवीस वर्षं झाली. स्थलांतर म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर वेगळं चित्र येतं. दिवाळी झाली की आमची अर्धी पोरं आईबापासोबत गुजरातला ऊस तोडायला जातात, सुरत बारडोलीकडे, आणि होळीच्या टायमाला परत येतात. ही पोरं पण जागा बदलतात ना, तेराच्या आत बदलतात, दर वर्षी बदलतात, पण जिथे जातात तिथे पाल असतं आणि लहान भावंडाला सांभाळायचं असतं. परत आल्यावर बाराखडी पुन्हा सुरू. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं आणि आजी गावात असली तर पोर टिकतं, हे मी दर वर्षी बघतो. म्हणून त्या कामातला "चांगल्या वस्तीत" हा शब्द सोडून कोणी नुसतं "जागा बदला" म्हणायला लागलं की मला राग येतो.

चेट्टींचं मला सगळ्यात जवळचं काम वेगळंच आहे, ते शिक्षकांवरचं. 25 लाख पोरांचे मार्क आणि पुढची कमाई जोडून त्यांनी दाखवलं की शिकवणारा चांगला मिळाला तर पोरं कॉलेजात जास्त जातात, पुढे कमावतात जास्त, पोरींमधे किशोरवयातच आई होण्याचं प्रमाण कमी. गंमत म्हणून नाही सांगत पण मार्कांवरचा परिणाम दोनतीन वर्षांत बराचसा विरून जातो आणि कमाईत मात्र पुन्हा वर येतो. म्हणजे आज माझ्या वर्गातलं पोर पुढच्या वर्षी सगळं विसरलं तरी माझं काम वाया गेलं असं नाही. हे वाचलं त्या दिवशी मला खरंच बरं वाटलं, कारण आमच्याकडे पोरं घरी पावरी बोलतात आणि पुस्तक मराठीत, दोन वर्षं तर भाषा समजण्यातच जातात आणि वरून तपासणीला येणारे विचारतात की वाचता का येत नाही.

डॉ. राजेंद्र भारूड साहेबांचं नाव प्रत्येक भाषणात घेतात, साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल घरातला मुलगा, आईने मोहाची दारू विकून वाढवला, नवोदय या सरकारी निवासी शाळेत गेला, डॉक्टर झाला, मग आयएएस आणि नंदुरबारचाच कलेक्टर. अभिमान आहेच. पण नवोदयला प्रवेश सहावीत, म्हणजे पोर अकराबारा वर्षांचं असताना, आणि एका शाळेत वर्षाला फार तर 80 जागा. तेही जागा बदलणंच झालं, फक्त खर्च सरकारने उचलला आणि आईबापाला गाव सोडावं लागलं नाही. चेट्टी जे सांगतात ते आपल्याकडे कुठे घडत असेल तर इथे घडतं असं माझं मत आहे. मग जागा 80 च का?

भुसावळकर_खलाशी
मास्तर तुमचं वाचून माझं पण सांगतो. बाप लोको शेडला खलाशी होता, आम्ही रेल्वे क्वार्टरमधे. शाळेत माझ्या बाकावर ड्रायव्हर साहेबांचा पोरगा बसायचा, त्याच्या घरी पेपर यायचा, त्याच्या वडलांनी मला दहावीनंतर डिप्लोमाचा फॉर्म भरायला लावला. माझ्या बापाला डिप्लोमा हा शब्द माहीत नव्हता. 2022 ला चेट्टींच्या टीमने फेसबुकवरच्या 7 कोटी 20 लाख माणसांच्या 2100 कोटी मैत्र्या तपासल्या आणि त्यातून हेच निघालं की गरीब पोरांची वरच्या थरातल्या लोकांशी जिथे दोस्ती जास्त, तिथे ती वर चढतात जास्त. त्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्यात, एक म्हणजे एका वर्गात बसायला मिळणं आणि दुसरं म्हणजे बसूनही दोस्ती होणं. दोन्हीत अडतं.

म्हणूनच मला आरटीईच्या, म्हणजे खाजगी शाळेत गरीब मुलांसाठी राखीव असलेल्या, 25 टक्के जागा महत्त्वाच्या वाटतात. 2024 ला राज्य सरकारने नियम बदलला होता की एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही, मुंबई हायकोर्टाने त्याच वर्षी जुलैमधे तो रद्द केला. लोकांना वाटलं फीचा मुद्दा आहे. मला तर बाकावर शेजारी कोण बसणार हा मुद्दा वाटतो. दिल्लीच्या शाळांवर गौतम राव यांचा अभ्यास आहे, गरीब मुलं वर्गात आली तर श्रीमंत मुलं जास्त उदार होतात, भेदभाव कमी करतात. श्रीमंत मुलांच्या अभ्यासाचं फारसं नुकसान होत नाही.

धुळ्याची_लेक
सगळं वाचलं. एक विचारू का, सगळ्यांनी पोऱ्या पोऱ्या चालवलंय. आपल्या देशात चेट्टींसारखं काम करायला कमाईच्या नोंदीच नाहीत, शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही आणि बाकीही थोडेच लोक रिटर्न भरतात. म्हणून ॲशर, नोवोसाद आणि राफकिन या तिघांनी बापाच्या आणि मुलाच्या शिक्षणावरून मोजलं. त्यात दिसलं की अनुसूचित जातींची मुलं आधीपेक्षा वर यायला लागली, मुस्लिम मुलं खाली घसरली, आणि एकूण देशाचं बघितलं तर फारसं काही हललं नाही. पण हे मुख्यतः बाप आणि मुलगा यांचंच आहे, मुली लग्न करून दुसऱ्या घरात गेल्या की सर्वेक्षणात आईबापाशी जोडताच येत नाहीत. म्हणजे आम्ही मोजणीत पण सासरी.

मी साक्रीजवळच्या गावातून रोज एसटीने धुळ्याला यायचे. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना, तेवढ्यावर माझी बारावी झाली. ती संध्याकाळची गाडी कधी रद्द झाली की आई वेशीवर उभी असायची आणि दुसऱ्या दिवशी घरात शाळा बंद करायची चर्चा. आता 2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ झाली, खूप मोठं काम झालं, पण तिथपर्यंत पोहोचायला मुलगी आठवी नववीत टिकायला पाहिजे ना.

दादा, तुम्हाला मुलगी आहे का?

तापीकाठचा
आहे ताई. पोरापेक्षा मोठी आहे, सातवीत. बारा पूर्ण झाली मागच्या महिन्यात.

तुमचा प्रश्न वाचून मी फोन बाजूला ठेवून दिला होता. तेराचा आकडा वाचला तेव्हा मी पोऱ्याची वर्षं मोजली, तिची मोजलीच नाही. पुण्याला जायचं ठरलं तर ती आईजवळ गावात राहील, स्वयंपाकाला मदत होईल असं आम्ही नवराबायको बोललो पण होतो. तिच्यासमोर बोललो. ती गणितात हुशार आहे, गुरुजी दोनदा घरी येऊन सांगून गेले. गावात शाळा आठवीपर्यंतच आहे.

पुण्याचं मी मनातून काढलंय सध्या. तिचं काय करता येईल ते सांगा.

सातपुडा_मास्तर
अजून वेळ आहे भाऊ, घाबरू नका. पुढच्या वर्षी ती आठवीत जाईल तेव्हा एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या आठवीच्या मुलांसाठी आहे, आईबापाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, लागली तर नववी ते बारावी वर्षाला 12000 रुपये तिच्या खात्यात. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी तहसीलला रांग असते. दुसरं, नवोदयला रिकाम्या जागांवर नववीतही प्रवेश देतात, त्याची परीक्षा आठवीत असताना होते, जागा थोड्या असतात पण गणित चांगलं असेल तर नक्की बसवा. जळगाव जिल्ह्याचं नवोदय भुसावळजवळ आहे. पोऱ्या पाचवीत गेला की त्याला सहावीच्या परीक्षेला बसवा. दोघांची तयारी एकत्रच होईल, ती त्याला शिकवेल.

धुळ्याची_लेक
आणि दादा, चोपड्याला नववीला टाकायची वेळ आली तर आधी डेपोत जाऊन संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारून या. गावातल्या अजून कोणाच्या मुली त्या वर्गात असतील त्यांच्या घरी पण बोला, चारपाच जणी मिळून जात असतील तर गाडीसाठी अर्ज देता येतो, आम्ही दिला होता, गाडी सुरू झाली होती.

तापीकाठचा
उद्या जातो डेपोत. तिला सोबत घेऊन जातो.