मदत हवी आहे: मामांचा मेणकापडी कोट नेमका कधीचा?

मंडळी, माळा आवरताना मामांचा जुना कोट सापडला. मामा बोटीवर होते. सेकंड मेटच्या तिकिटाची, म्हणजे बोटीवरच्या अधिकाऱ्याच्या परवान्याची, परीक्षा द्यायला १९७२ साली इंग्लंडात साउथ शील्ड्सला गेले होते आणि कोट तिथूनच आणला, असं घरात सगळे सांगतात.

गडद शेवाळी रंग, हाताला किंचित चिकट. तपकिरी कॉर्डरॉयची कॉलर, आत चौकड्यांचं अस्तर. पाठीमागे कमरेपाशी हा एवढा मोठा आडवा खिसा, अख्खं वर्तमानपत्र मावेल असा. लेबलवर ‘बार्बर’. (आधी वाटलं, मामांनी न्हाव्याचा कोट उचलून आणला की काय!) त्यावर तीन राजचिन्हं आणि ‘ब्यूफोर्ट’ हा शब्द.

कोट खरंच १९७२ चा असेल का? भाच्याने पैज लावली आहे. दुसरं म्हणजे बाह्यांवर पांढरी बुरशी आली आहे आणि घड्यांवरचं मेण उडालं आहे. लाँड्रीवाला म्हणतो ड्रायक्लीन करू. देऊ का?

प्रतिसाद १:
अजिबात देऊ नका! मशीनमध्येही नको. मेण गेलं की हातात नुसतं सुती कापड उरेल. बुरशी बाहेर उन्हात ब्रशने झटका, मग गार पाण्यात पिळलेल्या स्पंजने पुसा. साबण नको. वाळल्यावर मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवून मेण पातळ करा आणि फडक्याने चोळा, शिवणींवर जरा जास्त. वरून हेअर ड्रायर फिरवा म्हणजे मुरेल. रात्रभर टांगा, पण भिंतीपासून लांब. डाग जात नाहीत, अनुभव आहे.

आता पैजेचं. गाव बरोबर आहे, बार्बर कंपनीचा जन्मच साउथ शील्ड्सचा. जॉन बार्बर मूळचा स्कॉटलंडमधल्या गॅलोवेचा, गावोगाव फिरून कापड विकणारा. १८९४ मध्ये त्याने इथे दुकान थाटलं. टाइन नदीचं मुख, समोर उत्तर समुद्र, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे खलाशी, कोळी आणि गोदीतले कामगार. शिडाच्या कापडाला तेल चोळून ते अंगावर घ्यायचं ही खलाशांची जुनी युक्ती. पण जवसाचं तेल थंडीत कडक व्हायचं आणि पिवळं पडायचं. पुढे त्याच्या जागी मेण आलं. १९३६ मध्ये त्यांनी मोटरसायकलवाल्यांसाठी जॅकेट काढलं. दुसऱ्या महायुद्धात ‘अर्सुला’ पाणबुडीवरच्या नौसैनिकांचे सूटही त्यांनीच शिवले.

पण साल चुकतंय. ब्यूफोर्ट हा नमुनाच १९८३ चा. राजचिन्हंही (राजघराण्याला माल पुरवणाऱ्यांना ती लावायची परवानगी मिळते) एकेक करून मिळाली: ड्यूक ऑफ एडिंबराचं १९७४ मध्ये, राणीचं १९८२ मध्ये आणि प्रिन्स ऑफ वेल्सचं, म्हणजे आताच्या राजे चार्ल्सचं, १९८७ मध्ये. लेबलवर तीन असतील तर कोट १९८७ च्या आधीचा नाही. आणि मागचा खिसा वर्तमानपत्रासाठी नाही हो, शिकार केलेले पक्षी ठेवायला!

धागाकर्ता:
पक्ष्यांचं ऐकून मामींनी नाक मुरडलं. त्या म्हणाल्या, “बहात्तरचा कोट वेगळा. त्याला मुंबईच्या पहिल्याच पावसाळ्यात बुरशी आली, मीच टाकून दिला. हा अठ्ठ्याऐंशीचा. बोट टाइनला लागली होती, मीही सोबत होते, पैसे मी मोजले.” भाचा हरला.

तर आता ते मेण. पुण्यात किंवा मुंबईत कुठे मिळतं का, की तिकडून येणाऱ्या कुणाला सांगू?