कोजागिरी, गच्ची आणि ॲबा

*सेक्रेटरी:* कोजागिरीला गच्चीवर काय लावायचं ते आजच ठरवा. मागच्या वर्षीसारखा ऐन वेळी घोळ नको. मसाला दूध ६० जणांचं सांगितलंय.

*सी-१०२:* डीजे 🙏

*सेक्रेटरी:* नाही.

*बी-४०१ काकू:* अर्धा तास ॲबा लावा, तो स्वीडनचा चौघांचा जुना पॉप ग्रुप. लंडनला लेकीकडे गेले होते तेव्हा त्यांचा शो बघून आले. अजून डोक्यातून जात नाही.

*सी-१०२:* काकू फोटो टाका ना!

*बी-४०१ काकू:* फोटो काढू नका म्हणतात आत. बरंच झालं, सगळे समोर तरी बघत होते.

*ए-२०४ काका:* समोर काय? ती माणसं आता सत्तरीच्या पुढची. त्यांच्या जागी कॉम्प्युटरच्या बाहुल्या नाचतात म्हणे. बाहुल्यांना टाळ्या वाजवायला तिकीट काढायचं?

*बी-४०१ काकू:* काका, मीही हेच म्हणत आत गेले होते. पण त्या चौघांनी सेन्सर लावलेले सूट घालून पाच आठवडे खरोखर गाणी म्हटली, १६० कॅमेऱ्यांपुढे. त्यावरून त्यांची १९७९ सालातली रूपं तयार केली. आवाज त्यांचेच, आणि १० जणांचा बँड जिताजागता. २०२२ पासून चालू आहे, खास त्यासाठी ३००० माणसांचं थिएटर बांधलंय.
माझ्या शेजारी एक आजी होत्या. चंदेरी झगा, हातात काठी. 'डान्सिंग क्वीन' लागल्यावर काठी माझ्या हातात दिली आणि उभ्या राहिल्या. गाणं संपेपर्यंत मी काठी धरून बसलेली 😄

*डी-५०२ (सीए):* त्या झगमगीत कपड्यांमागे इन्कम टॅक्स आहे बरं का. रोज वापरता येणार नाहीत असे कपडे असतील तरच स्वीडनमध्ये वजावट मिळायची. हे त्यांच्यातल्या ब्यर्ननेच सांगितलंय.

*सी-१०२:* म्हणजे जितकं विचित्र तितका टॅक्स कमी 😂

*डी-५०२ (सीए):* इथे कुणी प्रयत्न करू नका. नोटीस आली की मलाच फोन येतो.

*बी-३०३ ताई:* कपडे सोडा, गाणी ऐका. त्यांच्यातल्या दोघी गायिकांचे आवाज पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून एकावर एक चढवलेत, म्हणून दोघी गातात आणि वाटतं वीस जणी गातायत. चाल नाचायची, शब्द बऱ्याचदा रडायचे. 'द विनर टेक्स इट ऑल' १९८० चं. ब्यर्न आणि अग्नेथाचा संसार नुकताच मोडला होता. ताटातुटीचं गाणं त्याने लिहिलं आणि गायलं तिनेच. माझ्या क्लासच्या मुलींना ते सांगितलं की त्या एकदम गप्प होतात.

*ए-२०४ काका:* चाली आपल्याकडेही होत्या. पंचम ऐका.

*बी-३०३ ताई:* काका, 'हम किसीसे कम नहीं' मधलं 'मिल गया हमको साथी' एकदा लावा, आणि लगेच ॲबाचं 'मामा मिया'. त्यांचं १९७५ चं, आपलं १९७७ चं.

*सी-१०२:* 💀💀

*ए-२०४ काका:* पंचमने ते जास्त चांगलं केलंय.

*सेक्रेटरी:* पंचमवरून वाद नको, गेल्या वेळी दोघांनी ग्रुप सोडला होता.

*बी-४०१ काकू:* १९७९ ला दादाने मित्राकडून कॅसेट भरून आणली होती. कव्हरवर बॉलपेनने देवनागरीत 'चिकिटिटा'. मला कितीतरी वर्षं ती चिकूची कुठली तरी जात वाटायची! स्पॅनिशमध्ये चिमुरडी, हे लेकीने सांगितलं. १९८२ नंतर त्यांनी एकत्र गाणं सोडलं, २०२१ ला एकदम नवा अल्बम. मधली जवळजवळ चाळीस वर्षं माझ्यासाठी ती कॅसेटच.

*सी-१०२:* काकू माझ्या प्लेलिस्टमध्ये आहे चिकिटिटा. रील्समुळे सापडलं. मला वाटलं नवीन आहे.

*सेक्रेटरी:* ठरलं. अर्धा तास ॲबा, अर्धा तास पंचम. 'मामा मिया' आणि 'मिल गया' लागोपाठ लावणार नाही. उद्या १० ते १ पाणी बंद, टाकी धुणार आहेत.

*ए-२०४ काका:* माझी काठी कोण धरणार ते पण ठरवा.

*बी-४०१ काकू:* मी नाही हं. या वेळी मी नाचणार आहे.