रडर पेडल्स : पंधरा हजारांत कोणती घ्यावीत आणि किती दिवस थांबावे?

पश्चिमवारा (धागाकर्ता), ३ जून
नमस्कार. मी नाशिकला राहतो आणि गेली दोन वर्षे रात्रीच्या जेवणानंतर तासभर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या संगणकीय खेळात सेसना १७२ हे एका इंजिनाचे छोटे विमान उडवतो. बहुतेक वेळा जुहूहून निघतो आणि बारामतीला जाऊन परत येतो. माझ्याकडे थ्रस्टमास्टरची टी.१६००० एम जॉयस्टिक आहे. तिची मूठ पिळली की रडर, म्हणजे विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणारे शेपटीवरचे पटल, हलतो. खऱ्या विमानात हे काम पायाने दाबायची पेडल्स करतात. परंतु पावसाळी वारा लावून जुहूच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना मूठ डावीकडे कलवायची आणि त्याच वेळी उजवीकडे पिळायची, ही कसरत माझ्या मनगटाला काही केल्या जमत नाही आणि विमान गवतात जाऊन थांबते.

म्हणून रडर पेडल्स घ्यायचे ठरवले आहे. सर्व खर्च धरून माझी मर्यादा ₹१५,००० आहे. टेबल दिवाणखान्यात असून त्याखाली भिंतीपर्यंत साधारण ५५ सेंमी जागा मिळते, फरशी गुळगुळीत आहे आणि खुर्ची चाकांची आहे. थ्रस्टमास्टरची टीएफआरपी पेडल्स या रकमेत बसतात असे एका दुकानदाराने सांगितले, पण माल संपलेला असून "पंधरवड्यात येईल, दोन हजार आगाऊ द्या" असे त्याचे म्हणणे आहे. थांबावे की दुसरे काही पाहावे? वापरलेली पेडल्स घेणे शहाणपणाचे ठरेल का?

लोखंडीपाय, ३ जून
आपण मर्यादा वाढवावी, एवढाच माझा सल्ला आहे. मी क्रोएशियातील एका लहान कारखान्यात तयार होणारी एमएफजी क्रॉसविंड मागवली. ती टप्प्याटप्प्याने बनतात, त्यामुळे आधी नाव नोंदवून आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागले. पण चार वर्षांत एकही स्क्रू पुन्हा आवळावा लागलेला नाही. आतील कॅम (वळणदार चकती) बदलला की पायाला लागणारा जोर बदलतो. एकच सूचना करतो, सीमाशुल्काचा हिशेब करताना केवळ वस्तूची किंमत धरू नका. वाहतूक आणि विमा मिळवून जी रक्कम होते तिच्यावर शुल्क लागते, त्यावर जीएसटी लागतो आणि कुरिअरवाले ओळखपत्राची कागदपत्रे मागतात ती वेगळीच.

गोळीमध्यात, ३ जून
खरेदीच्या आधी एक गोष्ट तपासा. सिम्युलेटरच्या साहाय्य विभागात 'ऑटो-रडर' चालू आहे का? ते चालू असेल तर पेडल्स कितीही भारी घेतलीत तरी संगणक तुमच्या पायांमध्ये पाय घालत राहील.

पश्चिमवारा, ४ जून
गोळीमध्यात, आपले आभार कसे मानावेत हे कळत नाही. ते दोन वर्षे चालू होते. बंद केल्यावर काल रात्री उड्डाणाच्या वेळी थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवण्याचा दांडा) पुढे सारताच विमानाचे नाक डावीकडे खेचले गेले आणि मी थेट गवतात गेलो. पूर्वी उतरताना जात असे, आता निघतानाही जातो.

उडताभोवरा, ४ जून
हे अपेक्षितच आहे. सेसनाचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहिला असता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. त्याचा झोत, त्याची प्रतिक्रिया आणि नाक वर असताना उजव्या पात्याला मिळणारी जास्त ओढ या सर्वांचा परिणाम म्हणजे विमान डावीकडे वळू पाहते. म्हणून विमान कोणतेही असो, उड्डाणाच्या वेळी उजवा पाय द्यायचा.

दुसरेमहायुद्ध, ४ जून
"विमान कोणतेही असो" हे चुकीचे आहे. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे पाहा, मर्लिन इंजिनाच्या स्पिटफायरला उजवा पाय लागतो. पण पुढच्या ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायरचा पंखा उलट दिशेने फिरतो आणि तिथे डावा पाय द्यावा लागतो. सवयीने उजवा पाय देणाऱ्याची काय गत होईल ते सांगायला नको.

धागाकर्त्यांसाठी सल्ला असा की व्हीकेबीची टी-रडर घ्या. मी तीच वापरतो. जागा फार थोडी लागते. तिला चवड्याने दाबायचे ब्रेक नाहीत, पण त्यांची आवश्यकता कोणाला आहे? स्पिटफायरच्या ब्रेकचा खटका मुठीवर असतो आणि कोणत्या चाकाला किती ब्रेक लागायचा ते पेडल्सच्या स्थितीवरून ठरते.

उडताभोवरा, ४ जून
धागाकर्ते सेसना उडवतात, स्पिटफायर नव्हे. माझे विधान त्या संदर्भातच वाचावे.

दुसरेमहायुद्ध, ४ जून
आपण "विमान कोणतेही असो" असे लिहिले आहे. ते वाक्य अजून वर दिसते आहे.

न्यूजर्सीकर, ५ जून
मी इकडे थ्रस्टमास्टरची टीपीआर वापरतो. पेडल्स वरून टांगलेली आहेत, झोक्यासारखी पुढेमागे जातात आणि सेन्सर चुंबकीय आहेत. एकदा ती वापरल्यावर दुसरे काही पायाखाली घ्यावेसे वाटत नाही. इकडून कोणी येणार असेल तर बॅगेतून पाठवता येतील असा विचार मी माझ्या मावशींसमोर मांडला होता. वजन साधारण ७ किलो आहे हे ऐकल्यावर त्यांनी २३ किलोंच्या बॅगेत आणखी काय काय बसवायचे आहे त्याची यादी वाचून दाखवली आणि विषय संपला.

एकदापोळलो, ५ जून
वापरलेली पेडल्स कदापि घेऊ नयेत. मी घेतली होती, कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. विक्रेत्याने पाठवलेल्या चित्रफितीत सर्व काही लोण्यासारखे सरकत होते. घरी जोडल्यावर पाय स्थिर असतानाही पडद्यावरची रेषा थरथरत होती आणि विमान सरळ धावत असताना अचानक उजवीकडे झटका घेत असे. कारण असे की स्वस्त पेडल्समध्ये पोटेन्शिओमीटर असतात; त्यांत एक लहानशी पट्टी कार्बनच्या थरावर घासत फिरते, थर झिजतो, त्यात धूळ बसते आणि संगणकाला चुकीचे आकडे जाऊ लागतात. हॉल सेन्सरमध्ये चुंबक दुरूनच वाचला जातो, घासण्यासारखे काही नसते. पैसे परत मिळाले नाहीत हे वेगळे सांगत नाही.

लोखंडीपाय, ५ जून
सहमत. वापरलेली नकोत आणि प्लास्टिकची तर मुळीच नकोत. मर्यादा वाढवा.

बारामतीचा_विद्यार्थी, ६ जून
मी प्रत्यक्ष सेसनावर प्रशिक्षण घेतले आहे, म्हणून थोडे लिहितो. चवड्याचे ब्रेक नको म्हणणाऱ्यांचे ऐकू नका. सेसनाचे पुढचे चाक पेडल्सनी दोन्ही बाजूंना सुमारे १० अंशच वळते. त्याहून अधिक वळायचे असेल तर एका बाजूचा ब्रेक दाबावा लागतो आणि मग ते ३० अंशांपर्यंत जाते. अरुंद जागेत विमान वळवून उभे करताना याची गरज पडते. जे एअरबस आणि बोइंग उडवतात त्यांची गोष्ट निराळी, तिथे जमिनीवर वळण्यासाठी हाताने फिरवायची वेगळी मूठ असते आणि पेडल्सनी चाक सहा-सात अंशच हलते.

दुसरे म्हणजे टाचा. उड्डाणाच्या वेळी टाचा जमिनीवर टेकलेल्या असाव्यात आणि चवड्याच्या खालच्या भागाने पेडल ढकलावे; पाय वर चढवून ठेवलात तर नकळत ब्रेक लागतो. ज्या पेडल्सवर टाच टेकवायला जागा नाही ती घेऊ नका, मग ती कितीही महाग असोत.

तिसरी गोष्ट सवयीची. सायकलच्या हँडलची डावी बाजू पुढे ढकलली की सायकल उजवीकडे वळते. इथे डावा पाय पुढे ढकलला की विमान डावीकडे वळते. पहिले आठ दिवस डोके उलटेच चालेल. तेवढ्यावरून पेडल्स बिघडली आहेत असे समजू नका.

सुतारपक्षी, ७ जून
पंधरा हजार कशासाठी घालवता? मी घरीच तयार केली. १८ मिमी प्लायवूड, कपाटाच्या दाराचे बिजागर, दोन हॉल सेन्सर आणि सेन्सरचे आकडे संगणकाला पाठवणारा एक लहान अर्दुइनो बोर्ड, एवढेच सामान लागले. इलेक्ट्रॉनिक्सचे सामान पुण्यात तपकीर गल्लीत मिळाले. काम फार सोपे आहे; मला सव्वा वर्ष लागले.

मात्र तुमची खरी अडचण पेडल्सची नसून फरशीची आणि खुर्चीची आहे, याकडे इथे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. गुळगुळीत फरशीवर जोरात पाय दिलात की पेडल्स भिंतीकडे जातील आणि तुम्ही खुर्चीसकट स्वयंपाकघराकडे जाल. यासाठी प्लायवूडची एक लांब फळी घ्या, तिच्या एका टोकाला पेडल्स स्क्रूने बसवा आणि दुसऱ्या टोकाला खुर्चीची पुढची दोन चाके अडकतील एवढ्या खाचा करा. मग पायाचा जोर फळीतच जिरतो. फळी नको असेल तर पेडल्सच्या खाली रबरी जाळीचे आसन घाला आणि खुर्चीच्या चाकांखाली पलंगाच्या पायांना लावतात तसल्या रबरी वाट्या ठेवा.

पश्चिमवारा, २० जून
सर्वांचे आभार. मी टीएफआरपीसाठी दोन हजार आगाऊ दिले होते. आज पंधरवडा उलटला म्हणून दुकानात गेलो, तेव्हा "पुढच्या आठवड्यात नक्की" असे उत्तर मिळाले. तोपर्यंत सुतारपक्षी यांच्या सांगण्याप्रमाणे रबरी वाट्या आणल्या आहेत. खुर्ची एका जागी राहते, पण आता ती हलत नाही म्हणून घरात सर्वांची तक्रार आहे.

उडताभोवरा, २० जून
आगाऊ रक्कम द्यायलाच नको होती.

एकदापोळलो, २१ जून
आगाऊ रक्कम देऊ नये असे मी लिहिणारच होतो. तरीही थांबा, पण वापरलेली घेऊ नका.

पश्चिमवारा, ९ जुलै
दुकानातून तिसऱ्यांदा "पुढच्या आठवड्यात" हेच ऐकून आलो. या काळात रोज मूठ पिळून सराव करतो आहे. एक शंका आहे. मी जुहूला २३० अंशांवरून २० नॉटचा वारा लावतो. इतक्या वाऱ्यात सेसना उतरवणे मुळात शक्य आहे का, की मी उगाच स्वतःला दोष देतो आहे?

गोळीमध्यात, ९ जुलै
शक्य आहे. धावपट्टी २६ म्हणजे ढोबळमानाने २६० अंश, वारा २३० अंशांवरून, फरक ३० अंशांचा. ३० अंशांच्या कोनात आडवा भाग निम्मा येतो, म्हणजे १० नॉट. सेसना १७२ च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा करून दाखवलेला आकडा १५ नॉट आहे. तेव्हा दोष विमानाचा नाही. वारा डावीकडून आहे, डावा पंख किंचित खाली ठेवा आणि नाक धावपट्टीच्या रेषेत आणण्यासाठी उजवा पाय द्या. हे मुठीने करणे अवघडच आहे.

लोखंडीपाय, १० जुलै
जूनच्या पहिल्या आठवड्यात क्रोएशियाला नाव नोंदवले असते तर आतापर्यंत रांगेत बरेच पुढे सरकला असता.

पश्चिमवारा, २६ जुलै
सविस्तर लिहितो, कारण मी जे केले ते या धाग्यावरील एकाही सदस्याला पटणार नाही.

दुकानातून आगाऊ रक्कम परत घेतली. कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी छंद सोडल्यामुळे आपली पेडल्स विकायला काढली होती. ती वापरलेली आहेत, प्लास्टिकची आहेत, पोटेन्शिओमीटरची आहेत आणि मध्यभागी ताण कमीजास्त करण्याची चकती आहे. चवड्याचे ब्रेक आहेत, टाच टेकवायला जागा आहे आणि पुढून मागेपर्यंतची लांबी टेबलाखालच्या ५५ सेंमीत बसते. किंमत ₹५,५०० ठरली. त्यांनी एसटीच्या पार्सलने पाठवली आणि मीच एक दिवस उशिरा गेल्यामुळे खोके डेपोत रात्रभर राहिले. आत गादीतला कापूस कोंबलेला होता. तो अजून सरकपट्ट्यांतून निघतो आहे.

जोडल्यावर पहिल्या दिवशी विमान जागचे हललेच नाही. थ्रॉटल पूर्ण पुढे, इंजिनाची घरघर चालू, पण चाके जमिनीला खिळलेली. दोन तासांनी लक्षात आले की पाय उचललेला असताना पेडल्स ब्रेक पूर्ण दाबल्याचा आकडा पाठवत होती. सेटिंगमध्ये दोन्ही ब्रेकची दिशा उलटी केल्यावर प्रश्न मिटला. दुसऱ्या दिवशी डाव्या ब्रेकची रेषा थरथरताना दिसली, म्हणजे एकदापोळलो यांचा इशारा खरा ठरला. खालचे सहा स्क्रू काढले, पोटेन्शिओमीटरच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारले आणि पेडल पन्नासेक वेळा मागेपुढे केले. थरथर थांबली. किती दिवस, ते पाहू.

काल रात्री जुहूला तोच वारा लावला. पहिल्या चार वेळा गवतात गेलो. पाचव्या वेळी डावे चाक आधी टेकले, मग उजवे, आणि विमान मधल्या पांढऱ्या रेषेच्या थोडे उजवीकडे का होईना, पण धावपट्टीवर थांबले. खाली पाहिले तर रबरी आसनावरची पेडल्स सुरुवातीच्या जागेपासून चार बोटे पुढे गेली होती. फळीचे काम रविवारी करणार आहे.

सरकपट्ट्यांना कोणते वंगण लावावे? प्लास्टिकला चालेल असे सांगावे.

सुतारपक्षी, २६ जुलै
सिलिकॉनचे लावा. शिवणयंत्राचे तेल लावू नका, त्यावर धूळ चिकटते. आधी चिमट्याने कापूस पूर्ण काढा.

लोखंडीपाय, २७ जुलै
अभिनंदन. वर्षभरात मर्यादा वाढवाल तेव्हा कळवा.

एकदापोळलो, २७ जुलै
मी सावध केले होते, हे नोंदवून ठेवतो. त्या कोल्हापूरच्या गृहस्थांनी छंद सोडला आहे असे आपण लिहिले आहे. त्यांच्याकडे थ्रॉटलही असेल आणि तो अजून विकला गेला नसेल, तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.