साथीच्या गणितात लोकांची भीती कशी धरावी?

प्रश्न (खानापूर) : प्रकल्पासाठी मी केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचे 1927 चे प्रारूप, म्हणजे साथ कशी पसरते हे समीकरणांत मांडणारे गणित, अभ्यासत आहे. त्याच्या साध्या रूपात संसर्गदर (रुग्णाकडून इतरांना लागण होण्याचा वेग) स्थिर धरला आहे. पण तापाची बातमी पसरताच आमचा आठवडी बाजार ओस पडतो. हे समीकरणात कसे आणावे?

उत्तर (निपाणी) : संसर्गदर रुग्णसंख्येवर अवलंबून ठेवा. कपासो आणि सेरिओ या गणितज्ञांनी 1978 मध्ये याच दिशेने मांडणी केली. सोपे रूप असे, की मूळ दराला ‘एक अधिक के गुणिले रुग्णसंख्या’ने भागायचे, ‘के’ म्हणजे लोकांची सावधगिरी. ‘के’ शून्य ठेवल्यास जुनेच प्रारूप परत मिळते.

उत्तर (बेळगाव) : निपाणीच्या सरांचे म्हणणे पटते, मात्र त्यात विलंब अवश्य घाला. लोक आजच्या रुग्णसंख्येला नव्हे, तर काही दिवसांपूर्वीच्या, कानावर आलेल्या आकड्याला घाबरतात. भीती ओसरली की सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेला पुन्हा गर्दी लोटते, आणि या मागेपुढे होण्यातून एकामागून एक लाटा उमटू शकतात. आणखी एक, 1927 च्या त्या लेखात 1905-06 च्या मुंबईतील प्लेगमृत्यूंचे आकडे वापरले आहेत. तो रोग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता, त्यामुळे त्या आकड्यांवरून माणसांच्या वर्तनाचा ‘के’ काढू नका.