मदत हवी आहे: ग्रुप उघडला की व्हॉट्सॲप बंद पडतंय

तासगावचा बेदाणा
सौद्याचा ग्रुप उघडायला गेलं की स्क्रीन पांढरी होते, थोडा वेळ अडकते आणि ॲप बंद. फोन बंद-चालू केला, कॅशे साफ केला, फरक नाही. उद्या सांगलीत बेदाण्याचा सौदा आहे, लॉट नंबर आणि नमुन्याचे फोटो त्याच ग्रुपवर आहेत. जुने मेसेज जाता कामा नयेत. लवकर सांगा.

मिरज जंक्शन
अँड्रॉइड की आयफोन? चॅटची यादी दिसते का, की त्याआधीच बंद पडतं? बाकीचे ग्रुप उघडतात का? यादीत त्या ग्रुपखाली शेवटचा मेसेज काय दिसतोय? कॉम्प्युटरवर हे खातं जोडलेलं आहे का? हे कळल्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

कृष्णाकाठ
ॲप काढून परत टाका. पाच मिनिटांचं काम. बॅकअप असतोच.

मिरज जंक्शन
कृपा करून हे करू नका. फोनमधला बॅकअप रात्री दोनच्या सुमारास होतो. ग्रुपवरच्या एखाद्या खराब मेसेजनेच ॲप पडत असणार. तो त्याआधी आला असेल तर बॅकअपमध्येही बसलाय, रिस्टोअर केलं की पुन्हा तेच दुखणं. नंतर आला असेल तर दोननंतरचे लॉट नंबर गेले. 'क्लिअर डेटा'चंही तसंच. आणि कॅशेचा इथे संबंधच नाही, मेसेज डेटाबेसमध्ये असतात.

कृष्णाकाठ
फोनमध्ये मागच्या काही दिवसांचे बॅकअप राहतात. आधीच्या दिवसाचा घेता येतो. माझा उपाय चुकीचा नाही.

मिरज जंक्शन
घेता येतो, पण मधले मेसेज जातात, आणि त्यांना तेच नकोय. अगदी शेवटचा मार्ग म्हणून ठेवा. त्याआधी ॲपच्या फोल्डरमधलं 'डेटाबेसेस' फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या.

तासगावचा बेदाणा
अँड्रॉइडच आहे. यादी दिसते, बाकीचे ग्रुप चालतात. या ग्रुपखाली एकाचं नाव आणि पुढे कोरं. न वाचलेले बरेच आहेत. कॉम्प्युटर जोडलेला नाही. आता सांगा.

अक्षरजुळणी
नावापुढे कोरं दिसतंय म्हणजे बहुतेक अदृश्य चिन्हांनी भरलेला मेसेज आहे. २०१८च्या मे महिन्यात व्हॉट्सॲपवर काळ्या ठिपक्याचा मेसेज फिरला होता, तोही याच जातीचा. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे अशी दिशा सांगणारी चिन्हं त्यात हजारोंनी कोंबलेली असतात. त्यांना रुंदी नसते, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. पण दिशा बदलली की मजकुराचा नवा तुकडा पडतो. प्रत्येक तुकडा वेगळा जुळवायचा, मोजायचा आणि मग ओळ कुठे तोडायची ते ठरवायचं. हे काम ज्या थ्रेडवर, म्हणजे ॲपच्या कामांच्या ज्या रांगेत चालतं, तीच रांग तुमचा स्पर्शही घेते. पाच सेकंद स्पर्शाला उत्तर मिळालं नाही की अँड्रॉइड 'ॲप प्रतिसाद देत नाही' असं धरतं. तुमची पांढरी स्क्रीन तीच.

आता उपाय. ॲप फक्त स्क्रीनवर येणारे आणि त्याच्या आसपासचे मेसेज जुळवतं, सगळा ग्रुप नाही. न वाचलेले मेसेज असतील तर ग्रुप तिथूनच उघडतो, म्हणून तुम्ही दर वेळी खड्ड्यातच उतरताय. तेव्हा ग्रुप न उघडता यादीत त्यावर बोट दाबून धरा, तीन ठिपक्यांतून 'मार्क ॲज रीड' करा. मग कोणाला तरी फोन करून ग्रुपवर चार-पाच उभे फोटो आणि वीस-पंचवीस एका ओळीचे मेसेज टाकायला सांगा. ते आले की परत 'मार्क ॲज रीड' आणि मगच उघडा. ग्रुप तळाशी उघडेल. वर सरकू नका.

नंतर 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून कॉम्प्युटर जोडा. यादी उघडतेय तोवर हे जमतं. ॲपच उघडेनासं झालं तर कोड स्कॅन करायलाही मार्ग नाही. जुने मेसेज उतरेपर्यंत थांबा आणि तो कोरा मेसेज तिथून 'डिलीट फॉर मी' करा. टॅब अडकला तर रिलोड करा.

वाई-पाचगणी
एवढा खटाटोप कशाला? ॲडमिनने कॉम्प्युटरवरून 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं की सगळ्यांचाच प्रश्न मिटतो.

अक्षरजुळणी
हे जास्त चांगलं. पण ॲडमिनने फोनवरून करू नये, त्यांचाही फोन अडकेल.

हरिपूर रोड
हे आयफोनवरही झालंय. २०१५ साली एका अरबी मजकुराच्या नोटिफिकेशनने आयफोन रिस्टार्ट व्हायचे; तेव्हा ॲपलने सिरीकडून न वाचलेले मेसेज वाचून घ्या असा तात्पुरता तोडगा दिला होता. २०१८च्या फेब्रुवारीत तेलुगूतल्या एका जोडाक्षराने ॲप पडायची, ते आयओएस ११.२.६ मध्ये दुरुस्त झालं. २०२०मध्ये सिंधी अक्षरं आणि इटलीच्या झेंड्याचा इमोजी असलेल्या मेसेजने तेच झालं.

मिरज जंक्शन
मात्र दर वेळी दोष अक्षरजुळणीचाच नसतो. २०२३च्या मे महिन्यात अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जची एक साधी लिंक चॅटमध्ये आली तरी ॲप बंद पडायचं. मजकुरात लपलेलं काही नव्हतं.

साफसफाई
मुळात सगळी अदृश्य चिन्हं ॲपनेच गाळून टाकावीत. कोणाला लागतात ती?

अक्षरजुळणी
आपल्यालाच लागतात. 'दुसऱ्या' हा शब्द बऱ्याच जुन्या कीबोर्डवरून र, हलंत, झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) आणि य असा लिहिला जातो. जॉइनर गाळलात की 'दुसर्या' होतं. कुटुंबाचा इमोजीही जॉइनरनेच जोडलेला असतो, तोही सुटा होईल. गाळायचीच तर दिशाचिन्हं, आणि तीही एकापाठोपाठ शेकड्याने आली तरच. उर्दू-सिंधी लिहिणाऱ्यांना एखाददुसरं लागतंच.

कोयना
माझ्याकडे ॲ चौकोन दिसतो. फॉन्ट कुठून घ्यावा?

हरिपूर रोड
वेगळा धागा काढा की. ॲ यूनिकोडमध्ये बाकीच्या अक्षरांनंतर आला. जुन्या अँड्रॉइडच्या फॉन्टमध्ये तो नसतो, सिस्टीम अपडेटशिवाय नीट येत नाही.

तासगावचा बेदाणा
अडत्यांच्या पोराने फोटो टाकले, मार्क ॲज रीड केलं, ग्रुप उघडला. लॉट नंबर मिळाले. ॲडमिन कॉम्प्युटरवरून तो मेसेज काढतायत. बॅकअपचं काय?

मिरज जंक्शन
मेसेज गेल्याची खात्री झाली की सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअपमध्ये जाऊन लगेच हाताने बॅकअप घ्या. रात्रीच्या दोनची वाट बघू नका. आणि ज्याने तो फॉरवर्ड केला त्याला कळवा. त्याच्या इतर ग्रुपवरही तो गेला असणार.

कृष्णाकाठ
बेदाण्याचा आजचा दर काय निघाला?