आईचा थम लागत नाही, रेशन अडलंय

कोयत्याचं_पोर: गाव बीड जिल्ह्यात, मी पुण्यात. आईनं वीसेक हंगाम ऊस तोडला, बोटांवरच्या रेषा पार झिजल्यात. दुकानात थम लावला की मशीन नापास करतं. हात धुऊन, खोबरेल लावून झालं. दोन महिने "पुढच्या आठवड्यात या" ऐकतोय. अंत्योदयचं पिवळं कार्ड, 35 किलोचं. वडील गेले, कार्डावर ती एकटीच. दुकानदार तिला लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखतो, पण मशीन ओळखत नाही! मी स्वतः ॲप टेस्टिंग करतो, त्यामुळं जास्तच लाज वाटते. इलाज सांगा.

बिटबाबा: सोपंय. डोळ्यांचं स्कॅन, नाहीतर ओटीपी. केवायसी राहिली असेल तर 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहऱ्यानं होते.

कोयत्याचं_पोर: डोळ्यांत मोतीबिंदू. आधारला नंबर मुकादमाचा जोडलेला (तेव्हा घरात फोन कुठला!), तो कधीच बंद पडला. चेहऱ्याचं गावी गेलो की बघतो. पण तोवर खायचं काय?

जुना_दुकानदार: रेशन दुकान बारा वर्षं चालवलं, म्हणून सांगतो. थम लागला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, असं केंद्राचं 24 ऑक्टोबर 2017 चं पत्रच आहे. रजिस्टरला नोंद करून द्यायचं. पण अशा नोंदी वाढल्या की तपासणीत दुकानदारालाच उत्तरं द्यावी लागतात, म्हणून तो तुम्हाला फिरवतो. मशीननं बोगस कार्डांना चाप बसला, हे मान्य. पण 35 चा थम घेऊन 32 मोजले, तर मशीनला काय कळणार? ते माणूस कोण एवढंच बघतं.

रानवारा: दादा, नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की निम्मी कामं तिथंच होतात. नाही दिला तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज आणि 1967 वर तक्रार. झारखंडात ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा या अर्थतज्ज्ञांनीही हेच दाखवलंय: चोरी वजनात होते, आणि थमापायी उपाशी राहतात म्हाताऱ्या. बिटबाबा, तुमचा उपाय चुकीचा नाही हो, पण त्याला डोळे, फोन आणि गावी जायला सुट्टी लागते.

कोयत्याचं_पोर: चुलतभाऊ आईबरोबर गेला, लेखी मागितलं. दुकानदारानं रजिस्टर काढून धान्य दिलं. आईला फोनवर विचारलं, 35 भरलं का? म्हणाली, "घरी काटा कुठंय?"